परदेशी स्वयंसेवेसाठी वर्गणी : मागण्याआधीचा हिशेब

स्वयंसेवा विनावेतन असते हे सर्वांना ठाऊक असते. परंतु परदेशातील स्वयंसेवेसाठी पुष्कळदा स्वयंसेवकालाच पदरचे पैसे भरावे लागतात हे कळल्यावर पालक बुचकळ्यात पडतात, आणि तो खर्च भागवण्यासाठी मुलगा किंवा मुलगी नातेवाइकांकडे, सोसायटीत व मित्रमंडळींत वर्गणी मागणार असल्याचे समजले की घरात संकोच पसरतो. हा संकोच अगदीच निराधार नाही. वर्गणी देणारा प्रवासाला पैसे देत नाही, कामाला देतो. म्हणून काम नेमके कोणते, ते याच विद्यार्थ्याने तेथे जाऊन करण्याची गरज काय, आणि विमान तिकिटाची तीच रक्कम तिथल्या संस्थेला थेट पाठवली तर अधिक उपयोग होणार नाही काय, या प्रश्नांची उत्तरे तयार नसतील तर मागण्याची वेळ अजून आलेली नाही असे समजावे.

निधी उभारणी, म्हणजे ठरावीक कामासाठी अनेकांकडून लहान-मोठ्या रकमा जमवणे, सुरू करण्यापूर्वी ती आवश्यक आहे काय हे पाहणे श्रेयस्कर ठरते. १९७० मध्ये स्थापन झालेला आणि जर्मनीतील बॉन येथे मुख्यालय असलेला संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम निवड झालेल्यांना निर्वाह भत्ता देतो, म्हणजे पगार नव्हे पण राहण्याजेवण्याचा खर्च भागेल इतकी रक्कम. त्यात १८ ते २६ वर्षे वयाच्या तरुणांसाठी वेगळा गट आहे आणि अर्जासाठी शुल्क नाही. जागा थोड्या असल्याने तेथे निवड मात्र कठीण असते. १९४८ पासून चालत आलेल्या आयसेक या युवक संघटनेचे प्रकल्प काही आठवड्यांचे असतात आणि तेथे सहभाग शुल्क व तिकीट विद्यार्थ्याने भरायचे असते. याखेरीज निव्वळ व्यापारी तत्त्वावर ‘सेवा-सहल’ विकणाऱ्या कंपन्या आहेत, ज्यांच्या शुल्कातील किती भाग स्थानिक संस्थेपर्यंत पोहोचतो हे लेखी विचारले पाहिजे. उत्तर टाळले गेले, तर ते उत्तरच समजावे.

परदेशातील सेवेसाठी समाजाने पैसे उभे करणे मराठी माणसाला नवे नाही. १९३८ मध्ये जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनकडून वैद्यकीय मदतीची मागणी आली, तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी जनतेला आवाहन केले, सुमारे २२,००० रुपये जमले आणि पाच डॉक्टरांचे पथक रवाना झाले. त्यांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर होते. कोटणीसांचे चीनमध्येच १९४२ च्या डिसेंबरात निधन झाले, ही हकिकत सर्वपरिचित आहे. परंतु करिअरचा विचार करणाऱ्याने तिच्यातील व्यवहाराची बाजू पाहावी. मागणी तिकडून आली होती, इकडून कोणाच्या हौसेतून निघाली नव्हती. जाणाऱ्यांकडे तेथे तुटवडा असलेले कसब होते. आणि पैसे गोळा करण्याचे काम संघटनेने केल्यामुळे वर्गणीचा हिशेब कोणा एकाच्या खिशाशी बांधलेला नव्हता.

ही पहिली कसोटी, म्हणजे मागणी कोणाची, अनाथाश्रमांच्या बाबतीत फार कठोरपणे लावावी लागते. नेपाळ आणि कंबोडिया या देशांत परदेशी पाहुणे व देणगीदार येत राहावेत म्हणून आईवडील जिवंत असलेल्या मुलांनाही संस्थांमध्ये ठेवल्याचे प्रकार उघडकीस आले आहेत, आणि संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१९ मध्ये बालहक्कांविषयीच्या ठरावात अनाथाश्रमांतील स्वयंसेवा कार्यक्रमांमुळे होणाऱ्या हानीची दखल घेतली आहे. दोन-तीन आठवड्यांत लळा लावून निघून जाणारे लोक मुलांच्या पदरात काय टाकतात, हा प्रश्न वर्गणी मागणाऱ्याने स्वतःला आधी विचारावा. दुसरी कसोटी कसबाची. राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत २४० तास काम करावे लागते, सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीत कुदळ-फावडे हाती घ्यावे लागते. असे काही केलेले नसताना ‘आफ्रिकेत शिकवायला जायचे आहे’ म्हणणाऱ्या मुलाला काकांनी ‘आधी इथे काय केलेस?’ असे विचारले, तर तो प्रश्न खवचट नसून रास्त असतो.

यानंतर अंदाजपत्रक, म्हणजे येणाऱ्या खर्चाचा आणि तो कोठून भागेल याचा आगाऊ मांडलेला तक्ता. तिकीट आणि शुल्क सर्वांच्या लक्षात राहते. राहून जातात त्या किरकोळ दिसणाऱ्या बाबी. छत्तीस पानी पासपोर्टचे साधे शुल्क १,५०० रुपये आहे. टांझानियासारख्या देशात स्वयंसेवकाला पर्यटकाचा व्हिसा चालत नाही, वेगळा निवास परवाना काढावा लागतो. पीतज्वराचा धोका असलेल्या आफ्रिकी देशांतून परतणाऱ्याकडे भारतीय विमानतळावर लशीचे प्रमाणपत्र मागितले जाते, ते लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी वैध होते आणि ते नसल्यास सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते. विमा आणि अचानक परतावे लागल्यास लागणाऱ्या तिकिटाची रक्कम यांना तक्त्यात वेगळी ओळ द्यावी. उदाहरणादाखल एकूण खर्च १,२०,००० रुपये धरला, विद्यार्थ्याने शिकवण्या घेऊन साठवलेले ३०,००० आणि घरचे ४०,००० वजा केले, तर उरलेल्या ५०,००० रुपयांसाठी सरासरी १,२५० रुपयांप्रमाणे चाळीस माणसांपर्यंत पोहोचावे लागते; आणि स्वतःचा वाटा आधी दाखवला की मागणे हात पसरल्यासारखे वाटत नाही.

मागणीचा मजकूर लहान आणि उघडा असावा. वर्गाच्या किंवा सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर क्यूआर कोड टाकून मोकळे होण्याने पैसे कमी आणि कुजबुज जास्त येते. ‘गावच्या शाळेत आठ आठवडे गणित शिकवणार, खर्च १,२०,०००, पैकी ७०,००० जमले, जमल्यास ५०० द्या, त्यांत तिथले दोन दिवस निघतात, न जमल्यास राग नाही’ एवढे वाक्य, तेही एकेकट्याला, नाव घेऊन पाठवलेले, अधिक काम करते. त्याबरोबरच एक साधी वही ठेवावी, जिच्यात तारीख, नाव, रक्कम आणि पैसे रोख आले की यूपीआयने हे चार रकाने असतील, आणि ती महिन्यातून एकदा पालकांनी तपासावी. पालकांचा सहभाग येथे खरा उपयोगी पडतो, ओळखीच्या नगरसेवकाकडे शब्द टाकण्यात नव्हे. आणि पुढे प्रवेशाच्या किंवा नोकरीच्या मुलाखतीत मुलांबरोबर काढलेल्या छायाचित्रांपेक्षा चाळीस जणांचे पैसे घेऊन त्यांचा हिशेब चुकता केल्याची ही वही अधिक बोलते.

कायद्याचा भाग कंटाळवाणा असला तरी टाळता येत नाही. आयकराच्या नियमांनुसार आर्थिक वर्षात नातेवाईक नसलेल्यांकडून मिळालेल्या भेटींची बेरीज ५०,००० रुपयांच्या वर गेली, तर वरची रक्कमच नव्हे तर सगळी रक्कम उत्पन्नात धरली जाते. वरच्या उदाहरणातील आकडा त्याच कुंपणाच्या आत राखलेला आहे. गंमत अशी की या व्याख्येत मामा, मावशी, काका आणि आत्या नातेवाईक ठरतात, पण मामेभाऊ आणि चुलत बहीण ठरत नाहीत. विद्यार्थ्याचे एकूण उत्पन्न करमुक्त मर्यादेत राहिले तर कर लागत नाही. परंतु तो अठरा वर्षांखालील असेल तर अशी रक्कम पालकांच्या उत्पन्नात मिळवली जाते. व्यक्तीला दिलेल्या पैशावर देणगीदाराला ८० जी ची सवलत मिळत नाही, कारण ती नोंदणीकृत संस्थांना दिलेल्या देणग्यांपुरती आहे, आणि हे देणाऱ्याला आधीच सांगणे सभ्यतेचे ठरते. वैयक्तिक मदतीऐवजी धर्मादाय कार्याच्या नावाने पावतीपुस्तक घेऊन सार्वजनिक वर्गणी काढायची असेल, तर गणेशोत्सव मंडळे घेतात तशी धर्मादाय कार्यालयाची परवानगी महाराष्ट्रात घ्यावी लागते. पैसे पाठवणाऱ्या न्यू जर्सीच्या मामांनी भारतीय पासपोर्ट ठेवला आहे की अमेरिकी नागरिकत्व घेतले आहे, यावरही फरक पडतो. परदेशी नागरिक हा २०१० च्या परकीय योगदान कायद्यात परकीय स्रोत गणला जात असल्याने असे पैसे येण्यापूर्वी सनदी लेखापालाचा सल्ला घ्यावा.

जाणे रद्द झाले तर काय, हा प्रश्न बहुतेकांना पैसे जमल्यावर सुचतो. व्हिसा नाकारला गेला, प्रकल्प बंद पडला किंवा घरी आजारपण आले, तर रक्कम परत करणार, पुढच्या वर्षीसाठी ठेवणार की तिकडच्या संस्थेला पाठवणार, हे पहिल्याच निरोपात एका ओळीत लिहिलेले असावे. परत करताना बुडालेले व्हिसा शुल्क विद्यार्थ्याच्या ३०,००० मधून जावे, शेजारच्या आजींनी दिलेल्या ५०० मधून नव्हे.