वाफ आहे, धूर नाही. मग चालेल का?

प्रश्न : मुलगा शिकायला चंदीगडला आहे. त्याच्या बॅगेत पेनड्राइव्हसारखी, आंब्याच्या वासाची ई-सिगारेट सापडली. म्हणतो, 'ही नुसती वाफ, कुठेही ओढली तरी चालते.' खरं का? – एक आई, पुणे

उत्तर : ताई, ही पाण्याची वाफ नव्हे. तापवलेल्या द्रवाचे सूक्ष्म तुषार असतात, त्यात बहुधा निकोटीन. शेजारच्याच्याही श्वासात जातात.

चंदीगड २००७ मध्ये देशातलं पहिलं धूम्रपानमुक्त शहर ठरलं. सार्वजनिक धूम्रपानाला २०० रुपयांपर्यंत दंड करणारा २००३ चा कायदा तंबाखूच्या धुरासाठी आहे. ई-सिगारेटवर मात्र २०१९ च्या केंद्रीय कायद्याने मुळावरच घाव घातला. पहिल्यांदा विक्री करताना सापडल्यास एक वर्षापर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. साठ्यासाठी सहा महिने, ५० हजार. ओढण्याला वेगळी शिक्षा नाही. पण जवळ बाळगणंही उल्लंघनच, असं केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने स्पष्ट केलंय. म्हणजे 'कुठेही' सोडाच, ती खिशात असणंच अडचणीचं.

रागावू नका. आधी विचारा, सकाळी उठल्याउठल्या तल्लफ येते का? येत असेल तर निकोटीनची सवय जडली आहे. १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर समुपदेशन मिळतं. चंदीगडच्या पीजीआय रुग्णालयात व्यसनमुक्ती केंद्रही आहे.