भोंगा खरंच वाजला, हे कसं कळतं?

प्रश्न : ७ मे २०२५ला देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला, तेव्हा धोक्याचे भोंगे वाजवले होते. शहरभर पसरलेले असे भोंगे एका जागेवरून कसे वाजवतात? आणि त्यातला एखादा वाजलाच नाही, तर बटण दाबणाऱ्याला ते कळतं का?
– एक वाचक, कराड

उत्तर : गिरणीचा भोंगा वाजवणारा माणूस भोंग्यापासून हाकेच्या अंतरावर असायचा. वाजला की नाही, हे त्याचे कानच सांगायचे. आजचा भोंगा खांबावर किंवा एखाद्या इमारतीच्या गच्चीवर एकटा उभा असतो आणि हुकूम येतो कित्येक किलोमीटरवरच्या नियंत्रण कक्षातून. खांबावरच्या कुलूपबंद पेटीत रेडिओ संच, नियंत्रक आणि बॅटऱ्या असतात. कक्षातून ठरावीक संकेत आला की नियंत्रक तो ओळखतो आणि भोंगा सुरू करतो. चढउताराचा आवाज म्हणजे धोका, सलग एकसुरी आवाज म्हणजे धोका टळला. कोणता आवाज काढायचा, तेही संकेतातच ठरलेलं असतं.

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. जुन्या पद्धतीत संवाद एकतर्फी होता. हुकूम जायचा, पण परत काहीच यायचं नाही. आधुनिक पेटी उलट उत्तर देते. वीज आहे का, बॅटरीचा दाब किती, पेटीचं दार कुणी उघडलंय का, अशी विचारपूस कक्षातला संगणक ठरावीक वेळाने करत राहतो. भोंगा वाजवल्यावर मोटर फिरली का, तिने पुरेसा विद्युतप्रवाह खेचला का, हेही कळवलं जातं. इलेक्ट्रॉनिक भोंग्याची तर मूक चाचणी घेता येते : माणसाला ऐकू येणार नाही इतक्या उंच पट्टीचा स्वर कर्ण्यांतून सोडायचा आणि अ‍ॅम्प्लिफायर व कर्णे शाबूत आहेत का ते मोजायचं. गावाची झोपमोड न करता बिघाड सापडतो. बॅटरीवर तर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागतं, कारण वादळात, पुरात वीज सगळ्यात आधी जाते आणि भोंग्याची गरज नेमकी तेव्हाच पडते.

दुरून हुकूम देता येतो, तसा तो चोरताही येतो. अमेरिकेतल्या डॅलसमध्ये ७ एप्रिल २०१७ला रात्री पावणेबाराच्या सुमारास चक्रीवादळाची सूचना देणारे सगळे १५६ भोंगे एकाएकी वाजू लागले. आकाशात वादळाचं चिन्हही नव्हतं. कुणीतरी रेडिओवरून बनावट संकेत सोडला होता. घाबरलेल्या लोकांच्या फोनखाली आपत्कालीन सेवा दबून गेली. भोंगे बंद करूनही पुन्हा वाजत राहिले, तेव्हा अखेर सगळी यंत्रणाच बंद करावी लागली. पुढच्याच वर्षी बॅलिंट सीबर या संशोधकाने सॅन फ्रान्सिस्कोतली अशीच कमजोरी उघड केली. तिथे दर मंगळवारी दुपारी १२ वाजता भोंग्यांची चाचणी व्हायची, म्हणजे संकेत ऐकून ठेवायला दर आठवड्याला आयती संधी. संकेत सांकेतिक लिपीत बांधलेले नव्हते. डिसेंबर २०१९मध्ये ११९ भोंग्यांची ती यंत्रणा सुधारणेसाठी बंद केली गेली. म्हणून आता प्रत्येक हुकूम कूटबद्ध असावा आणि काल पकडलेला हुकूम आज चालू नये, ही व्यवस्था मी तरी चैन मानत नाही. एकदा खोटा वाजलेला भोंगा पुढच्या खऱ्या भोंग्याची किंमत घालवतो.

अर्थात पेटी कितीही शहाणी असली, तरी निर्णय माणसाचाच. हवाई बेटांवर सुमारे ४०० भोंग्यांचं जाळं आहे आणि त्याची दरमहा चाचणी होते. तरीही ८ ऑगस्ट २०२३ला तिथलं लाहायना शहर जळत असताना भोंगे वाजवले गेले नाहीत. हे त्सुनामीचे भोंगे समजून लोक डोंगराकडे, म्हणजे आगीच्याच दिशेने पळतील, असं कारण अधिकाऱ्याने नंतर दिलं. शंभरच्या आसपास माणसं गेली.

तुम्ही कराडचे, म्हणजे कोयनेच्या काठचे. तुमच्या भागात धरणाचा, कारखान्याचा किंवा नागरी संरक्षणाचा भोंगा असेल, तर त्याची चाचणी कधी असते ते विचारून ठेवा. ठरल्या वेळी तो ऐकू आला नाही, तर जिल्हा नियंत्रण कक्षाला १०७७ या क्रमांकावर जरूर कळवा. जिथे पेटी उलट उत्तर देत नाही, तिथे भोंगा मुका झाल्याचं आधी कळतं ते त्याच्याखाली राहणाऱ्यांनाच.