मोबाईलवरचा पाऊस आणि आपल्या शिवारातला पाऊस



जून महिन्यात पाचवीच्या वर्गात एका मुलानं विचारलं, "गुरुजी, मोबाईलवर पाऊस दाखवला म्हणून बाबांनी पेरलं, पण नंतर पाऊस आलाच नाही. मोबाईल खोटं बोलतो का?" त्याच्या घरी दुबार पेरणीची चिंता होती. बियाण्याचा खर्च पुन्हा कुठून करायचा? मग त्या दिवशीचा परिसर अभ्यासाचा तास या प्रश्नावरच घेतला.

मुलांना सांगितलं, मोबाईल खोटं बोलत नाही, पण त्याची भाषा समजून घ्यावी लागते. हवामान विभाग 'तुरळक ठिकाणी' म्हणतो, तेव्हा त्या भागातल्या चार केंद्रांपैकी फार तर एका केंद्रावर पाऊस अपेक्षित असतो. 'हलका पाऊस' म्हणजे 24 तासांत जास्तीत जास्त 15.5 मिलिमीटर. आणि पेरणीसाठी कृषी विभाग साधारण 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊ द्या, असं सांगतो. आता तुम्हीच हिशेब करा!

2019 साली आलेल्या 'मेघदूत' ॲपवर अंदाजासोबत पिकांचा सल्लाही मराठीत मिळतो. दर मंगळवारी आणि शुक्रवारी तो नवा येतो. पण अंदाज मोठ्या भागाचा असतो. आपल्या बांधावर किती पडला, ते आपणच मोजायला हवं.

वर्गात किंवा घरी करायचा उपक्रम

1. सरळ बाजूंची प्लॅस्टिकची बाटली घ्या. वरचा भाग कापून तो नरसाळ्यासारखा उलटा बसवा.
2. तळाशी खडे टाका, ते बुडतील इतकं पाणी ओता आणि त्या रेषेला शून्य धरून पट्टी चिकटवा.
3. बाटली झाडापासून, भिंतीपासून दूर, उघड्यावर ठेवा.
4. रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजा आणि पाणी पुन्हा शून्यावर आणा.
5. वहीत तीन रकाने करा: अंदाज, प्रत्यक्ष पाऊस, आतापर्यंतची बेरीज.

दशांश अपूर्णांकांची बेरीज यात आपोआप होते. 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर 1 लीटर पाणी, हेही मुलांना लगेच कळतं.

पालकहो, यंदा पेरणीआधी मुलांची ही वही एकदा जरूर बघा. बेरीज 75 च्या खाली असेल आणि पुढचा अंदाजही 'तुरळक'च असेल, तर दोन दिवस थांबायला काय हरकत आहे?