बदके जास्त, म्हणजे वर्ष चांगले?

खडकवासला म्हटलं की आपल्याला चौपाटी, भजी आणि भाजलेलं कणीस आठवतं. पण हिवाळ्यात एकदा सकाळी सात वाजता बॅकवॉटरला जाऊन बघा. तिथे वेगळेच पाहुणे उतरलेले असतात. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घालाव्यात!)

तलवार बदक, थापट्या, चक्रवाक ही मंडळी सायबेरिया, मध्य आशिया, तिबेट, लडाख अशा भागांतून येतात. दिवस लहान होऊ लागले की त्यांच्या शरीराची निघायची तयारी सुरू होते. पण नेमकं कधी निघायचं, हे बरंचसं हवामान ठरवतं. तिकडचं पाणी गोठलं की खाणं बंद. आकाश निरभ्र असेल आणि वारा पाठीमागून येत असेल, तर प्रवास सोपा. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत बदकांच्या शिकारीचा हंगाम असतो. तिथले शिकारी म्हणूनच उत्तरेत कडाका पडण्याची वाट बघतात. आपल्याकडे १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर परवान्यावरची शिकारही थांबली. आता आपला हंगाम फक्त दुर्बिणीचा!

इथे आल्यावर मात्र प्रश्न थंडीचा नसतो, पाण्याचा असतो. तलवार बदक शेपटी वर, डोकं खाली करून खातं. मान पोचेल तेवढंच त्याचं ताट! त्यामुळे धरण काठोकाठ भरलेलं असणं त्याच्या फारसं कामाचं नाही; त्याला उथळ, चिखलाचे काठ लागतात. खडकवासल्याची साठवण जेमतेम १.९७ टीएमसी, तर वरच्या पानशेतची १०.६५ आणि वरसगावची १२.८२. वरून पाणी सोडलं की इथली पातळी वाढते, कालव्याला दिलं की उतरते. म्हणजे हॉस्टेलच्या गच्चीवरच्या टाकीसारखंच!

आता माझी फजिती सांगते. २०२३ च्या हिवाळ्यात मी फर्स्ट इयरला होते. बॅकवॉटरला इतकी बदकं दिसली की वहीची दोन पानं भरली. खाली मी ऐटीत लिहिलं, "यंदाचे वर्ष उत्तम." मेसमध्ये ते वाचून दाखवलं, तर वाढणारे काका म्हणाले, "ताई, उत्तम कसलं? आमच्या दौंडकडं तळ्याला भेगा पडल्यात. तिथली पाखरं जातील कुठं?"

मी गप्प बसले. त्या वर्षी पाऊस कमी झाला होता आणि ऑक्टोबरअखेर सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला होता; त्यात दौंडही होतं. चांगल्या पावसाच्या वर्षी पाखरं गावोगावच्या लहान तळ्यांवर विखुरतात. तळी आटली, की उरलेल्या मोठ्या पाण्यावर गर्दी करतात. पाखरं वाढलेली नसतात, जागा कमी झालेली असते. एकाच सेन्सरचं रीडिंग घेऊन अख्ख्या प्लँटचा निकाल लावला, तर व्हायव्हात काय होईल, ते तुम्हीच सांगा!

ते वाक्य मी खोडलं नाही. त्याच्या शेजारी एक रकाना वाढवला: "लहान तळ्यांची स्थिती". तो मला खडकवासल्याला बसून भरता येत नाही. दर महिन्याला काका गावी फोन लावतात, आणि मी लिहून घेते.