अंगणातल्या झाडाखालची झुरळे : विषाशिवाय बंदोबस्त



मृगाचे दोन-चार पाऊस झाले की पांढुर्णा-सौंसरकडच्या घराघरांतून एक तक्रार ऐकू येते. अंगणात संत्र्याचे, लिंबाचे नाहीतर आंब्याचे झाड असते. रात्री कंदील किंवा बॅटरी घेऊन बाहेर गेले की बुडाशी लाल-तपकिरी झुरळे सैरावैरा पळताना दिसतात. दार उघडे राहिले तर दोन-चार घरातही शिरतात. मग कोणी बुडाशी रॉकेल ओततो, कोणी पऱ्हाटीवर मारायचे औषध तिथेच फवारतो, तर कोणी पालापाचोळा पेटवून देतो. या तिन्ही उपायांनी झुरळे थोडी मरतात आणि नुकसान मात्र मोठे होते. म्हणून हा विषय आज धड्यासारखा क्रमाने पाहू.

१. शत्रू नीट ओळखा

झुरळ झाड खात नाही. सडका पाला, गळलेली फळे, खरकटे आणि कुजके लाकूड हे त्याचे अन्न. दिवसा ते सालीच्या भेगांत, ढोलीत, विटांखाली किंवा लाकडांच्या ढिगात दडते व रात्री बाहेर पडते. अंगणात व मोरीत दिसणारे मोठे, सुमारे दीड इंच लांब, लालसर झुरळ शास्त्रज्ञ ‘अमेरिकन झुरळ’ म्हणून ओळखतात, पण त्याचे मूळ आफ्रिकेतले आहे. मादी अंड्यांची लहानशी तपकिरी डबी तयार करते व आडोशाला चिकटवते. एका डबीत साधारण १४ ते १६ अंडी असतात. नुसती दिसलेली झुरळे मारून भागत नाही ते यामुळेच. डबी राहिली की महिना-दोन महिन्यांत नवी फौज तयार.

स्वयंपाकघरातले छोटे, मानेवर दोन काळ्या रेघा असलेले झुरळ वेगळे. ते झाडावरून येत नाही, खोक्यांतून व पिशव्यांतून घरात येते. त्यासाठी झाडाला शिक्षा करू नये.

खोडावर जाळी, भुसा आणि विष्ठेचे चऱ्हाट दिसत असेल, तर ते काम साल खाणाऱ्या अळीचे समजावे. जाळी खरडून काढावी व भोकात तार घालून अळी मारावी. खोडातून डिंक गळत असेल, तर तो डिंक्या रोग. तो बुरशीमुळे होतो. झुरळे अशा सैल, ओल्या सालीखाली नंतर राहायला येतात. रोग एकीकडे आणि औषध दुसरीकडे, असे होऊ देऊ नका.

२. पाला सगळा वैरी नव्हे

झाडाखालचा पाला कुजून मातीला खत मिळते आणि ओल टिकते. तो कुजवणाऱ्या किड्यांत झुरळही एक आहे. बेडूक, पाली, कोळी आणि कोंबड्या त्याला खातात. काही बारीक गांधीलमाश्या त्याच्या अंड्यांच्या डबीतच आपली अंडी घालतात. विष फवारले की हे सगळे मदतनीस आधी मरतात. म्हणून शेवटचे झुरळ मारण्याचा हट्ट नको. ती घरात, अन्नात आणि पाण्याच्या भांड्यात येऊ नयेत, एवढे साधले तरी पुरे. झुरळ घाणीतून येऊन अन्नावर फिरते व हगवणीचे जंतू पसरवू शकते. त्याच्या विष्ठेने व कातीने दम्याच्या माणसाचा त्रास वाढतो. एवढ्यासाठी बंदोबस्त हवाच.

३. विष का नको

संत्रा-लिंबाची अन्न घेणारी बारीक मुळे जमिनीच्या वरच्या हात-दीड हात थरात असतात. रॉकेल किंवा डिझेल ओतले की तीच जळतात. पाला पेटवला तर बुडाची साल भाजते आणि त्या जखमेतून रोग आत शिरतो. मृग बहाराच्या फुलांवर मधमाश्या असताना फवारा मारला, तर त्या मरतात. झाडाजवळ विहीर किंवा हापशी असेल, तर विष पावसाबरोबर कुठे मुरेल याचा विचार करा. विषाने मेलेले झुरळ कोंबडीने खाल्ले, तर ते विष तिच्याही पोटात जाते.

जुन्या डब्यांविषयी विशेष सावध राहा. गावात ‘गॅमेक्सिन’ म्हणून ओळखली जाणारी बी. एच. सी. पावडर १९९७ पासून देशात बंद आहे. झुरळांवर सर्रास वापरले जाणारे डायक्लोरव्हॉस आणि बागेत टाकले जाणारे फोरेट यांवर २०१८ च्या आदेशाने बंदी आली व २०२० च्या अखेरीपासून दोन्ही पूर्ण बंद झाली. कोठीत जुनी बाटली असेल तर ती वापरू नये आणि नदी-नाल्यातही फेकू नये. कुलपात ठेवून कृषी खात्याच्या माणसाला विचारावे.

ही भीती उगाच घातलेली नाही. शेजारच्या विदर्भात, यवतमाळ जिल्ह्यात, २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-मजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यात गेले. ती माणसे फवारणीची सवय असलेली होती. अंगणात तर आपली लेकरे उघड्या पायांनी खेळतात.

४. काय करावे

पहिल्या रात्री फक्त पाहा. बॅटरी घेऊन झुरळे कुठून निघतात ते शोधा. बूड, ढोली, मोरी आणि लाकडाचा ढीग, अशी चार ठिकाणे तपासा.

मग दिवसा सफाई करा. बुडाभोवती हातभर जागा पाला-गवतापासून मोकळी ठेवा. बाकीचा पाला लांब, आळ्यात पसरा. पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या आणि विटा झाडापासून व भिंतीपासून दहा-पंधरा पावले दूर, दगडांवर उंच रचा. ढीग हलवताना आधी काठीने ठोका, पायात बूट घाला आणि हात आत घालू नका. पावसाळ्यात तिथे साप-विंचू असतात. साप चावला तर झाडफुंकीत वेळ न घालवता थेट दवाखाना गाठावा.

गळलेली फळे रोज वेचून खड्ड्यात पुरा. आंबिया बहाराची फळे ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये रस शोषणाऱ्या पतंगामुळे गळतात, आणि ती सडली की झुरळांची मेजवानी होते. फळे पुरल्याने पतंगाचाही त्रास कमी होतो.

पाणी बुडाला लागू देऊ नका. दुहेरी आळे करून बाहेरच्या आळ्यात पाणी द्यावे, म्हणजे खोड कोरडे राहते. पावसाळ्यापूर्वी व नंतर खोडाला तीन फुटांपर्यंत बोर्डो मलम लावावा : १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी. मोरचूद व चुना प्लास्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करावे. हा मलम डिंक्यासाठी आहे, झुरळे त्याने मरत नाहीत. पण साल निरोगी राहिली की लपायच्या भेगा कमी होतात.

ढोली सिमेंटने बुजवू नये, कारण आत पाणी अडकून लाकूड आणखी कुजते. सुटा, भुसभुशीत भाग हलक्या हाताने काढून ती कोरडी राहील असे पाहावे.

सापळा असा करा. रुंद तोंडाची बरणी घेऊन आत भाकरीचा किंवा पिकल्या केळ्याचा तुकडा ठेवा. गळ्याला आतून तेलाचे बोट फिरवा आणि बाहेरून फडके गुंडाळा, म्हणजे झुरळ चढेल पण निघू शकणार नाही. रात्री बुडाशी ठेवून सकाळी साबणाच्या पाण्यात रिकामी करा. आठ दिवस आकडा लिहून ठेवा. तो उतरू लागला की सफाई लागू पडली.

घराची दारे राखा. दाराखालची फट बुजवा, मोरीला बारीक जाळी लावा, छपराला टेकणाऱ्या फांद्या छाटा आणि रात्री खरकटे उघडे ठेवू नका.

बोरिक पावडरविषयी एक इशारा. पीठ-साखरेत मिसळून ती घरातल्या बंद फटीत, मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवता येते. पण संत्रा-लिंबाच्या बुडाशी ती कधीही टाकू नये. जास्त बोरॉन या झाडांना सोसत नाही. पानांचे शेंडे पिवळे पडून करपतात.

५. चुकून विषबाधा झाली तर

घाम, लाळ, उलटी, बारीक झालेल्या बाहुल्या आणि श्वासाचा त्रास ही लक्षणे ध्यानात ठेवा. माणसाला मोकळ्या हवेत न्या, कपडे काढून अंग साबणाने धुवा आणि १०८ ला फोन करा. उलटी करवू नका, आणि बेशुद्ध माणसाला काहीही पाजू नका. औषधाचा डबा बरोबर घ्या. त्यावरच्या त्रिकोणात लाल रंग म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. पण हिरवा रंग म्हणजेसुद्धा निर्धोक नव्हे.

घरी विचार करण्यासाठी

१) आमच्या झाडाखाली झुरळांना अन्न, ओल आणि आडोसा कोणी दिला?
२) कोठीत कोणती जुनी औषधे पडली आहेत? त्यांना कुलूप आहे का?
३) बरणीचा सापळा या आठवड्यात घरातले कोण सांभाळणार?

येत्या रविवारी दुपारी मुलांना बरोबर घेऊन अंगणात एक फेरी मारा. खराटा, टोपली आणि एक रिकामी बरणी, एवढे सामान पुरते.