साखरेच्या पायऱ्या

परभणी जिल्ह्यातील सेलू तालुक्यात वालूर नावाचे गाव आहे. या गावात जुन्या बारवा आहेत. बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर. त्यांपैकी एका बारवेच्या पायऱ्या सरळ खाली जात नाहीत. त्या गोल गोल फिरत पाण्यापर्यंत उतरतात. ही बारव गाळाने आणि कचऱ्याने भरून गेली होती. गावकऱ्यांनी श्रमदान करून ती मोकळी केली.

एका शनिवारी आमचा वर्ग ही बारव पाहायला गेला. आम्ही एकेक पायरी उतरत खाली गेलो. वर ऊन होते, पण खाली गारवा होता. सर्वजण पायऱ्यांवर बसलो. विज्ञानाच्या सरांनी प्रत्येकाला शेंगदाण्याच्या चिक्कीचा एकेक तुकडा दिला.

मी म्हणाले, "सर, माझ्या नानीला चिक्की फार आवडते. पण तिला शुगर आहे. डॉक्टरांनी गोड बंद केले आहे."

"बरोबर आहे," सर म्हणाले.

"पण सर, एक गोष्ट मला समजत नाही. तुम्हीच सांगितले होते की साखरेमुळे शरीराला शक्ती मिळते. नानीच्या रक्तात तर साखर जास्त आहे. मग ती सारखी थकते का?"

मुले हसली. सर मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "प्रश्न चांगला आहे. याचे उत्तर शोधायला शास्त्रज्ञांना पुष्कळ वर्षे लागली. आधी मला सांगा, चुलीतल्या निखाऱ्यावर चिमूटभर साखर टाकली तर काय होते?"

"भडका उडतो. साखर काळी पडते," एकजण म्हणाला.

"म्हणजे साखर जळाली. तिच्यातली सगळी ऊर्जा एकदम बाहेर पडली आणि हवेत गेली. आपल्या शरीरातही साखर जळते. श्वासातून घेतलेला ऑक्सिजन तिथेही लागतो. शेवटी तिथेही पाणी आणि कार्बन डायऑक्साइडच तयार होतात. पण शरीरात भडका उडत नाही. का बरे?"

कोणालाच उत्तर आले नाही. सरांनी बारवेच्या पायऱ्यांकडे बोट दाखवले.

"वरून कोणी विहिरीत उडी मारली तर तो एका क्षणात खाली पोहोचेल, पण हाडे मोडतील. आपण मात्र पायरी पायरीने उतरलो, म्हणून सुखरूप आलो. शरीरातील साखरही अशीच पायरी पायरीने उतरते. प्रत्येक पायरीवर थोडी थोडी ऊर्जा सुटते. ती ऊर्जा पेशी एटीपी नावाच्या पदार्थात साठवते. ग्लुकोज ही रक्तातली साखर. तिच्या एका रेणूपासून असे सुमारे तीस एटीपी तयार होतात. चालणे, बोलणे, विचार करणे, हृदयाचे ठोके, या सर्वांचा खर्च त्यांतूनच भागतो."

सर पुढे म्हणाले, "पेशी डोळ्यांना दिसतही नाही, इतकी लहान असते. तरी तिच्यात या कामासाठी कितीतरी कामगार असतात. त्यांना विकरे म्हणतात. पहिल्या दहा पायऱ्यांत ग्लुकोजचे दोन तुकडे होतात. प्रत्येक पायरीचे विकर वेगळे. एकाचे काम दुसऱ्याला येत नाही. अगदी शेवटच्या टप्प्यात एक मोठी गंमत आहे. गावात आग लागली की लोक विहिरीपासून रांग करतात आणि बादल्या हातोहात पुढे देतात, तसे इथे इलेक्ट्रॉन हातोहात पुढे दिले जातात. रांगेच्या टोकाला ऑक्सिजन उभा असतो. या रांगेतल्या एका कामगाराचे नाव आहे सायटोक्रोम सी. हे एक लहानसे प्रथिन आहे. त्यात लोह असते, म्हणून त्याचा रंग लालसर असतो. या प्रथिनाशी एका मराठी बाईंचे नाव जोडलेले आहे."

आम्ही सरसावून बसलो.

"त्यांचे नाव कमला भागवत. त्यांचा जन्म 1911 मध्ये इंदूर येथे झाला. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते. दोघेही बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या भारतीय विज्ञान संस्थेत, शिकले होते. आपणही तिथेच जावे असे कमलाबाईंना वाटे. 1933 मध्ये त्या मुंबई विद्यापीठाची बी.एस्‌सी. परीक्षा उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाल्या आणि त्यांनी बंगळूरला अर्ज केला. अर्ज नामंजूर झाला."

"का? गुण तर चांगले होते ना?"

"हो. पण त्या मुलगी होत्या! त्या वेळी संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन. त्यांना 1930 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले होते. एवढा मोठा शास्त्रज्ञ, पण मुलींना संस्थेत घ्यायला त्यांची तयारी नव्हती. कमलाबाई गप्प बसल्या नाहीत. त्या स्वतः बंगळूरला गेल्या आणि नकाराचे कारण विचारले. प्रवेश मिळाल्याशिवाय हलणार नाही, असा सत्याग्रहच त्यांनी केला. शेवटी रामन यांनी त्यांना घेतले, पण अटी घातल्या. पहिले वर्षभर त्या नियमित विद्यार्थिनी मानल्या जाणार नव्हत्या. काम पाहून समाधान झाले, तरच पुढे मान्यता मिळणार होती. कमलाबाईंनी अटी मान्य केल्या. पण हा अपमान त्या कधी विसरल्या नाहीत. कितीतरी वर्षांनी, वृद्धपणीसुद्धा, त्यांनी तो बोलून दाखवला."

मागे बसलेली एक मुलगी म्हणाली, "सर, मग पुढे?"

"श्रीनिवासय्या हे त्यांचे मार्गदर्शक होते. ते कडक शिस्तीचे, पण मन लावून शिकवणारे होते. कमलाबाईंनी दूध आणि डाळी यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. वर्षभराने रामन यांचे मत बदलले. त्यानंतर त्या संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. 1936 मध्ये कमलाबाई एम.एस्‌सी. झाल्या आणि पुढे इंग्लंडला केंब्रिज विद्यापीठात गेल्या. तिथे रॉबिन हिल नावाचे शास्त्रज्ञ वनस्पतींवर काम करीत होते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली कमलाबाईंनी एक अगदी साधी वस्तू अभ्यासाला घेतली. ओळखा पाहू!"

कोणी गुलाब म्हणाले, कोणी गहू म्हणाले.

"बटाटा! आपण रोज भाजीत खातो तो बटाटा. त्या काळी सायटोक्रोम प्राण्यांच्या पेशींत आणि यीस्टमध्ये असते, हे माहीत झाले होते. केंब्रिजमध्येच डेव्हिड केलिन यांनी 1925 मध्ये त्याविषयी लिहिले होते. पण वनस्पतींचे काय? त्या साखर कशी वापरतात? कमलाबाईंनी दाखवून दिले की वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी असते. म्हणजे माणूस, यीस्ट आणि बटाटा, सर्वांच्या पेशींत साखर उतरण्याच्या शेवटच्या पायऱ्या सारख्याच आहेत. या वालूरच्या शेतातली ज्वारीसुद्धा रात्रंदिवस याच पायऱ्या उतरते."

मला आमच्या घरातले पोते आठवले. मी म्हणाले, "सर, पोत्यातले बटाटे काही दिवसांनी सुकतात. नानी म्हणते, बटाटा आतून स्वतःलाच खातो."

"नानीचे खरे आहे! पोत्यातला बटाटा मेलेला नसतो. तो श्वसन करतो. आपल्यातल्या स्टार्चची साखर करून थोडी थोडी खर्च करतो. शिवाय त्यातले पाणीही उडून जाते," सर आनंदाने म्हणाले.

कमलाबाईंचा प्रबंध केवळ चाळीस पानांचा होता. प्रबंध जाड असला म्हणजे चांगला, असे पुष्कळांना वाटते. पण केंब्रिजने या चाळीस पानांवर 1939 मध्ये त्यांना पीएच.डी. दिली. विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या पहिल्या काही भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते. त्याच वर्षी त्या भारतात परतल्या. 1947 मध्ये विवाहानंतर त्या कमला सोहोनी झाल्या. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी शिकवले. ताडाच्या झाडापासून मिळणाऱ्या नीरेवर त्यांनी विद्यार्थ्यांसह केलेले काम विशेष गाजले. ते काम राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी सुचवले होते. नीरेत जीवनसत्त्वे आणि लोह असते. कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर स्त्रियांना नीरा दिल्याने त्यांची प्रकृती सुधारते, असे दिसून आले. 1998 मध्ये कमलाबाईंचे निधन झाले.

"मग मी नानीला नीरा देऊ का?" मी विचारले.

"नको, नको! नीरा गोड असते. तिच्यातली साखर ही साखरच. जे अशक्त मुलाला औषध, ते तुझ्या नानीला त्रासदायक," सर म्हणाले. "आता तुझ्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ. साखर पायऱ्या उतरते, पण कुठे? पेशीच्या आत. रक्तातली साखर आधी पेशीत शिरली पाहिजे. स्नायूंच्या पेशींचे दार उघडायला एक चावी लागते. त्या चावीचे नाव इन्शुलिन. 1921 मध्ये कॅनडातील टोरांटो शहरात बँटिंग आणि बेस्ट यांनी ती शोधली. पुढच्याच वर्षी ती एका चौदा वर्षांच्या आजारी मुलाला टोचली, आणि तो वाचला. काहींच्या शरीरात ही चावी तयारच होत नाही. काहींच्या शरीरात चावी असते, पण कुलूप नीट फिरत नाही. उतारवयात बहुधा असेच होते. मग साखर दाराबाहेर रक्तात साचते आणि पेशी आत उपाशी राहते."

"म्हणून नानी थकते!"

"हो. जास्त झालेली साखर लघवीवाटे जाते आणि बरोबर पाणीही घेऊन जाते. म्हणून सारखी तहान लागते."

"आणि सर, एखादी पायरीच तुटली तर?" एकाने बारवेच्या ढासळलेल्या दगडाकडे पाहत विचारले.

"तसेही होते. प्राग शहरात जन्मलेल्या गर्टी कोरी अमेरिकेत गेल्या. साखर शरीरात कशी साठते आणि परत कशी मिळते, हे त्यांनी आणि त्यांचे पती कार्ल यांनी शोधले. 1947 मध्ये दोघांना नोबेल मिळाले. गर्टीबाईंनाही स्त्री म्हणून कित्येक वर्षे खालच्या पदावर काम करावे लागले होते. काही मुलांचे यकृत जन्मापासून मोठे असते आणि उपाशी राहिले की त्यांच्या रक्तातली साखर एकदम घसरते. त्या मुलांच्या यकृतात साखरेची कोठी भरलेली असते, पण ती बाहेर काढणारे एक विकरच नसते. हे गर्टीबाईंनी 1952 मध्ये दाखवले. एक विकर कमी, आणि मूल आजारी."

थोडा वेळ कोणी बोलले नाही. वर पारवे घुमत होते.

घरी जाऊन मी नानीला सगळे सांगितले. ती सुपारी कातरत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे माझे कुलूप गंजले म्हण की!"

"सर म्हणाले, चालले की स्नायू काम करतात. मग साखर आत शिरायला सोपे जाते. गोळी मात्र चुकवायची नाही."

नानीने अडकित्ता खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती माझ्याबरोबर बारवेपर्यंत चालत आली. काठावर बसून ती खाली वाकून पाहू लागली. मग विचारले, "काय ग, त्या बाईंनी बटाटाच का घेतला असेल?"

शब्दार्थ
बारव – पायऱ्यांची विहीर. गाळ – पाण्याच्या तळाशी साचलेली माती. सरसावून बसणे – उत्सुकतेने पुढे होऊन बसणे. प्रबंध – संशोधनावर लिहिलेला ग्रंथ. कोठी – धान्य साठवण्याची जागा. अडकित्ता – सुपारी कातरण्याचे साधन.

स्वाध्याय
1. निखाऱ्यावर जळणारी साखर आणि पेशीत जळणारी साखर यांत कोणता फरक आहे?
2. कमलाबाईंना बंगळूरच्या संस्थेत प्रवेश कसा मिळाला? तुमच्या शब्दांत लिहा.
3. रक्तात साखर जास्त असूनही नानी का थकते?
4. 'हातोहात' आणि 'पायरी पायरीने' हे शब्द वापरून वाक्ये तयार करा.
5. दोन बटाटे घ्या. आज त्यांचे वजन करा. एक महिन्याने पुन्हा वजन करा. काय दिसले ते वहीत लिहा.