फ्लॅट तुमचाच ना?

कोथरूडला राहायला आलो त्याच आठवड्यात समोरच्या काकू डबाभर चकल्या घेऊन आल्या. कॉफी उकळेपर्यंत माझं माहेर, सासर, यांची नोकरी सगळं विचारून झालं. मग आलं, "फ्लॅट तुमचाच ना?" भावाचा आहे, तो कॅनडात असतो, असं सांगितलं. त्यात लपवायचं काय? वर हसत म्हटलं, "तो आला की आमचं बिऱ्हाड हललं!"

पुढच्या मेंटेनन्सच्या बिलात नवी ओळ: बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याचा आकार. सेक्रेटरींकडे गेले, तर त्यांनी आलेला अर्जच पुढे केला. 'मालक कॅनडात. मालक येताच सदर बिऱ्हाड हलणार असल्याचे समजते.' समजते! माझ्याच घरात, माझीच कॉफी पिता पिता समजलं होतं. खाली सही मात्र काकांची. त्याच संध्याकाळी काकू लिफ्टमध्ये भेटल्या आणि निर्मळ चेहऱ्याने विचारतात, "चकल्या खुसखुशीत होत्या ना?"

आता नियम ऐका. 1 ऑगस्ट 2001 च्या शासन आदेशानुसार हे शुल्क सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून जास्त लावता येत नाही, आणि घरात सभासदाचे जवळचे नातेवाईक राहत असतील तर लागतच नाही. सख्खी बहीण जवळची नाही, तर कोण? आमच्या कमिटीने तर मनपाचा करही धरून एकूण बिलावर टक्केवारी काढली होती. मी लेखी पत्र दिलं, पोच घेतली. रक्कम पुढच्या बिलात गुपचूप वळती झाली. ग्रुपवर मात्र 'भाडेकरूंनी पार्किंगचे नियम पाळावेत' ही पोस्ट अजून आहे, आणि तिच्यावर काकूंचा अंगठाही.

तेव्हा नवीन सोसायटीत जाणाऱ्यांनो, चकल्या जरूर खा, पण नात्याचा कागद आधी कमिटीत द्या. भावाबहिणीच्या घरात राहत असाल तर त्यांची लेखी संमती घेऊन सहयोगी सभासद व्हा. 2019 च्या दुरुस्तीनंतर कायद्यात ती सोय स्पष्ट आहे. इमारत सहकारी सोसायटी आहे की 1970 च्या कायद्याखालचं अपार्टमेंट, हेही बघा. पुण्यात दोन्ही आहेत आणि नियम वेगळे. वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत व्हावी लागते. सभासद झालात की तिथे जाऊन बसा. कोण कोणाच्या बाजूने खाकरतं ते तिथेच दिसतं. ग्रुपवर वाद घालू नका. सगळ्यांशी हसून बोला वगैरे.

ओळख करायचीच तर आधी वॉचमनशी करा. टँकर कधी येणार आणि कोणाच्या घरात काय शिजतंय, दोन्ही त्याला ठाऊक असतं. आमच्या वॉचमनला ते अर्जाचं आधीच माहीत होतं. "ताई, मला वाटलं तुम्हाला सांगितलं असेल कोणीतरी," म्हणाला.